कायदा रुजला, हे कशावरून ओळखावे?

१/८
२३ मार्च १९७४. जल (प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियमाला राष्ट्रपतींची संमती मिळाली. परंतु त्या दिवशी तो संपूर्ण भारताला लागू झाला नाही. पुढचा इतिहास समजण्यासाठी ही बाब महत्त्वाची आहे. 🧵

२/८
पाणी हा राज्यसूचीतील विषय. त्यावर संसदेने कायदा करायचा, तर अनुच्छेद २५२ नुसार किमान दोन राज्यांच्या विधिमंडळांचे ठराव आवश्यक. १९७४ मध्ये असे ठराव १२ राज्यांनी केले होते. गुजरात, केरळ, पश्चिम बंगाल ही त्यांपैकी काही. उरलेल्यांनी आपापल्या सवडीने कायदा स्वीकारला.

३/८
त्या बारांत महाराष्ट्र नव्हता, कारण त्याचा स्वतःचा कायदा १९६९ मध्येच झाला होता. ७ सप्टेंबर १९७० रोजी राज्याचे मंडळही स्थापन झाले, म्हणजे केंद्रीय मंडळाच्या चार वर्षे आधी. केंद्राचा कायदा महाराष्ट्राने १९८१ मध्ये स्वीकारला. तमिळनाडूचे मंडळ १९८२ मधले.

४/८
केवळ स्थापनेची वर्षे पाहून राज्यांची क्रमवारी लावली, तर महाराष्ट्र अग्रभागी दिसेल. पण कागदावर मंडळ असणे आणि त्याचा अंमल नदीकाठी जाणवणे, यांत मोठे अंतर असते. ते मोजायचे कसे?

५/८
एक मोठा प्रयत्न २००९ मध्ये झाला. केंद्रीय मंडळ आणि आयआयटी दिल्ली यांनी ८८ औद्योगिक क्षेत्रांना १०० पैकी गुण दिले. त्या निर्देशांकाचे नाव ‘सेपी’. जितके गुण अधिक, तितके प्रदूषण गंभीर. ४३ क्षेत्रे ७० च्या वर गेली. अंकलेश्वर सर्वांत वर. महाराष्ट्रातील पाच: चंद्रपूर, डोंबिवली, औरंगाबाद, नवी मुंबई आणि तारापूर.

६/८
जानेवारी २०१० मध्ये या ४३ क्षेत्रांतील नव्या प्रकल्पांच्या पर्यावरणीय मंजुऱ्या स्थगित झाल्या. राज्यांनी घाईने कृती आराखडे सादर केले आणि स्थगिती टप्प्याटप्प्याने उठू लागली. आराखडा सादर होणे हीच प्रगती मानली गेली.

७/८
२०१८ च्या मूल्यांकनात (पद्धत आता सुधारलेली होती) १०० क्षेत्रांत सर्वांत वर आले तारापूर. देशातील सर्वांत जुन्या मंडळांपैकी एक ज्या राज्यात, तेथेच हे घडले.

८/८
सेपी हवा, पाणी आणि जमीन किती बिघडली हे सांगतो. १०० पैकी २० गुण प्रक्रिया-सुविधांच्या अपुरेपणासाठी आहेत. मंडळाच्या क्षमतेसाठी वेगळा गुण नाही. मंजूर पदांपैकी किती भरली, किती कारखान्यांची खरोखर तपासणी झाली, किती खटले निकालापर्यंत पोचले, हे राज्याराज्यांत ताडून पाहिल्याशिवाय कायदा कोठे रुजला याचे उत्तर मिळत नाही. स्थापनेचे वर्ष एवढेच सांगते, की बी कधी पेरले.