कुठून बोलता?

दिवाळीची सुटी लागली की आमच्या पारोळ्यात जुने विद्यार्थी भेटीला येतात. कुणी पेढे आणतो, कुणी लग्नपत्रिका. यंदा एक मुलगी आली ती निराळीच अडचण घेऊन. आपत्कालीन मदतीचे फोन घेण्याच्या नोकरीसाठी तिला मुलाखतीचे बोलावणे आले होते. "सर, तुम्ही तयारी करून घ्या ना." आता मी पडलो मॅट्रिकवर थांबलेला मास्तर आणि फावल्या वेळचा कादंबरीकार. माझी स्वतःची मुलाखत कुणी धड घेतली नाही! पण विद्यार्थ्याला नाही म्हणणे मास्तराच्या जिवावर येते.

तिच्या वहीत प्रश्नोत्तरे सुबक अक्षरात मांडलेली होती. रात्रपाळी चालेल का? टंकलेखनाचा वेग किती? लोक रागाने बोलले तर काय कराल? उत्तरे तोंडपाठ. मी म्हटले, "वही मीट. मी फोन करतो, तू घे." आणि कानाशी हात नेऊन अहिराणीत आरोळी ठोकली, "माय वं, मना बाप पडी गया, लवकर या!"

मुलगी गडबडली. "काय झालं? कसे पडले? वय किती त्यांचं?"

मी बोलणे तिथेच तोडले. "फोन बंद पडला. आता गाडी कुठे धाडशील?"

हे शहाणपण माझे नव्हे, महागात घेतलेले आहे. काही वर्षांपूर्वी वडिलांच्या छातीत एका रात्री कळ आली. मी १०८ फिरवला. पलीकडून एक बाई शांतपणे विचारत होत्या, "कुठून बोलता?" आणि मी कळ कधी आली, घाम किती सुटला, हेच सांगत सुटलो. तिसऱ्यांदा विचारले तेव्हा कुठे माझ्या तोंडून पारोळा आणि पाठोपाठ किल्ला, एवढे दोन शब्द निघाले. कादंबरीत गावाचे वर्णन पानेच्या पाने करणारा मी, स्वतःच्या घराचा पत्ता मला सांगता येईना! "फोन ठेवू नका, गाडी निघाली आहे," असे त्या म्हणाल्या. वडील त्या खेपेस वाचले.

तेव्हापासून या कामाचा मागोवा घेण्याचा मला नादच लागला. आपल्याकडे ते जुने आहे. गावोगावी जागल्या असे. खानदेशात ही चाकरी बहुधा भिल्लांकडे. चोरी झाली की पाऊलखुणांचा माग काढत तो शिवेपर्यंत न्यायचा आणि पुढल्या गावच्या जागल्याच्या हवाली करायचा. माग ज्या गावात हरवे, जबाब त्या गावाने द्यायचा. या कामात 'कुठे' हाच सवाल पहिला होता.

तारायंत्र, टेलिफोन आले तरी सवाल सुटला नाही. १९३५ च्या नोव्हेंबरात लंडनच्या विम्पोल स्ट्रीटवर एका घराला आग लागून पाच स्त्रिया दगावल्या. शेजाऱ्याने फोन उचलला होता, पण एक्स्चेंजमध्ये त्याची पाळीच येईना. त्याने संतापून वर्तमानपत्राला पत्र लिहिले, चौकशी बसली, आणि ३० जून १९३७ रोजी लंडनमध्ये ९९९ हा आकडा सुरू झाला. धुरात, अंधारात नुसत्या बोटांनी चाचपून फिरवता यावा, असा तो आकडा.

आपल्याकडे पोलिसांना १०० आणि आगीच्या बंबाला १०१. १०८ ची रुग्णवाहिका २००५ साली हैदराबादेत सुरू झाली. महाराष्ट्रात ती २०१४ मध्ये ९३७ गाड्यांनिशी आली. फोन घेणारे बसत पुण्याला, औंधात. २०१२ सालच्या दिल्लीतल्या त्या भयंकर अत्याचारानंतर सर्व संकटांना एकच आकडा हवा, या मागणीने जोर धरला आणि २०२१ पासून महाराष्ट्रात ११२ आला. पारोळ्याची हाक नवी मुंबईत किंवा नागपुरात ऐकली जाते, तिथून जळगावच्या नियंत्रण कक्षाकडे जाते आणि तिथून जवळच्या गाडीकडे. शिवेवर माग सोपवायचा तो हाच की! मोबाइलवरून जागेचा अंदाज लागतो म्हणतात. पण अंदाजाने कुणाचे दार सापडत नाही.

असो. दुसऱ्या दिवशी ती आली ती नकाशा घेऊनच. मी पुन्हा फोन लावला.

"पिंपळगावहून बोलतो. हमरस्त्यावर मोटारसायकल घसरली!"

"कुठलं पिंपळगाव? तालुका कोणता?"

"पाचोरा."

"म्हणजे पिंपळगाव हरेश्वर. बसस्टँडच्या अलीकडे की पलीकडे?"

मी मुद्दाम रडलो, चिडलो, शिव्याही घातल्या (मास्तरांना शोभतील एवढ्याच). तिने आवाज चढवला नाही. माझा पत्ता माझ्याकडूनच पुन्हा वदवून घेतला, मग जखमीचे विचारले.

आतून चकल्यांचा झारा हातात घेऊन आमच्या सौभाग्यवती धावत बाहेर आल्या. "अहो, कुणाला लागलं?"

मी सांगायला तोंड उघडले, तोच ती मुलगी, मान वर न करता, वहीत पत्ता उतरवीत म्हणाली, "फोन ठेवू नका. गाडी निघाली आहे."

हे वाक्य मी तिला शिकवले नव्हते.