रविवारचे पाहुणे, सोमवारची बातमी

अमेरिकेतली सोमवारची वर्तमानपत्रं किरकोळ अंगाची असतात. न्यू जर्सीतल्या एका सार्वजनिक वाचनालयात मी नोकरी केली. सकाळी आलेले अंक लाकडी दांड्यांना अडकवून मांडायचं काम बरीच वर्षं माझ्याकडे होतं, त्यामुळे हे मला हातांनीच कळलेलं आहे. रविवारचा 'न्यूयॉर्क टाइम्स' उचलायला दोन्ही हात लागत, सोमवारचा दोन बोटांत मावे. रविवारी काँग्रेस बंद, कोर्ट बंद, सरकारी कचेऱ्या बंद. मग पहिल्या पानावर छापायचं काय? तर अमुक सिनेटर काल टेलिव्हिजनवर काय म्हणाले ते. राजकारण्यांनी ही मेख फार लवकर ओळखली. प्रचाराच्या दिवसांत रविवारच्या मुलाखतींना जी किंमत आली ती बघणाऱ्यांच्या गर्दीमुळे कमी आणि सोमवारच्या रिकाम्या पानामुळे जास्त, असं माझं ठाम मत आहे.

टेलिव्हिजनवाल्यांचीही अडचण होतीच. परवाना टिकवायचा तर लोकहिताचं काहीतरी दाखवायला हवं, आणि चांगली कमाईची वेळ तर त्यात घालवायची नाही. रविवार म्हणजे प्रवचनं आणि माहितीपर कार्यक्रमांचा दिवस. त्यात राजकारणही बसवून टाकलं.

'मीट द प्रेस' मुळात रेडिओवरचा कार्यक्रम, १९४५ सालचा. 'अमेरिकन मर्क्युरी' मासिकाचे प्रकाशक लॉरेन्स स्पिव्हॅक आणि मार्था राऊंट्री या बाईंनी तो उभा केला. ६ नोव्हेंबर १९४७ ला तो एनबीसीच्या टेलिव्हिजनवर आला, तोही गुरुवारी. पहिले पाहुणे जेम्स फार्ली, रूझवेल्टच्या मंत्रिमंडळातले माजी पोस्टमास्टर जनरल. सूत्रसंचालन राऊंट्रीबाईंचं. १९५३ साली त्यांनी आपला हिस्सा विकला. त्यानंतर त्या खुर्चीवर कायमची बाई बसायला २०२३ उजाडलं. एवढी सत्तर वर्षं सगळ्या राष्ट्राला प्रश्न विचारणाऱ्या कार्यक्रमाला हा प्रश्न कुणी विचारला नाही, हेही नोंदवून ठेवते.

जुनी मांडणी साधी होती. एका बाजूला पाहुणा, समोर चार पत्रकार, अर्धा तास. एप्रिल १९५९ मध्ये पाहुण्याच्या खुर्चीत क्यूबात नुकताच सत्तेवर आलेला कॅस्ट्रो बसला. २ जानेवारी १९६० ला केनेडींनी उमेदवारी जाहीर केली आणि दुसऱ्याच दिवशी, रविवारी, ते तिथे हजर. ऑगस्ट १९६३ मध्ये वॉशिंग्टनच्या मोर्चाआधी तीन दिवस मार्टिन ल्यूथर किंग. सीबीएसने १९५४ साली 'फेस द नेशन' काढलं तेव्हा पहिलाच पाहुणा होता कम्युनिस्ट-शोधाची मोहीम चालवणारा सिनेटर मॅकार्थी, आणि त्याच आठवड्यात सिनेटमध्ये त्याच्या निषेधाच्या ठरावावर चर्चा सुरू व्हायची होती.

मी डोंबिवलीहून इथे आले १९८४ साली, रेगन आणि मोंडेल यांच्या निवडणुकीच्या वर्षी. मंत्री टीव्हीवर दिसायचे ते फीत कापताना किंवा दीप लावताना, एवढाच माझा मुंबई दूरदर्शनचा अनुभव. इथे हार नाही, 'माननीय' नाही; समोरचा माणूस विचारतोय की गेल्या वर्षी तुम्ही उलट बोलला होतात, त्याचं काय? मी चहा गार करून बघत बसे. आमचे हे म्हणत, "तुला मतदान तरी आहे का?" नव्हतं. पण पाहायला मतदारयादीत नाव लागत नाही.

तोवर एबीसीने १९८१ मध्ये डेव्हिड ब्रिंकली यांचा तासाभराचा कार्यक्रम सुरू करून घडी बदललेली होती. मुलाखत संपली की जॉर्ज विल, सॅम डोनाल्डसन वगैरे पत्रकार मंडळी टेबलाभोवती बसून आपसांत बोलणार. ते फार गाजलं आणि सगळ्यांनी उचललं. माझ्या मते बिघाड इथूनच सुरू झाला. उत्तर द्यायला बांधलेला माणूस उठून गेला आणि कशालाच बांधलेली नसलेली माणसं बोलू लागली. लग्नात पंगत उठल्यावर मांडवात जे चालतं तेच हे, फक्त सूट घालून.

अपवाद टिम रसर्ट. बफेलोच्या सफाई कामगाराचा मुलगा, वकील, आधी राजकारण्यांच्या कचेरीत काम केलेला. १९९१ च्या अखेरीस त्याने 'मीट द प्रेस' हाती घेतलं. त्याच्या थोडं आधी, नुसता पॅनेलवर असताना, त्याने लुइझियानाच्या गव्हर्नरपदाचे उमेदवार डेव्हिड ड्यूक यांना विचारलं की तुमच्या राज्यात सर्वांत जास्त रोजगार देणारे उद्योग कोणते. कू क्लक्स क्लॅन या वर्णद्वेषी संघटनेच्या या माजी पुढाऱ्याला सांगता आलं नाही. थोड्याच दिवसांत तो हरला. रसर्टची पद्धत म्हणजे पाहुण्याचं जुनं वाक्य तारखेसकट पडद्यावर लावायचं, वाचून दाखवायचं आणि गप्प बसायचं. माझ्यासारख्या वाचनालयातल्या बाईला तो आपलाच माणूस वाटे. त्याची सगळी हुशारी जुनी कात्रणं नीट लावून ठेवण्यात होती.

पण कात्रणांनीही घात होतो. ८ सप्टेंबर २००२, मध्यावधी निवडणुकीला दोन महिने बाकी. त्या रविवारी 'टाइम्स'च्या पहिल्या पानावर इराकने अणुबॉम्बसाठी ॲल्युमिनियमच्या नळ्या मिळवायचा प्रयत्न केल्याची बातमी, सरकारी अधिकाऱ्यांच्या हवाल्याने. आणि त्याच दिवशी उपराष्ट्राध्यक्ष चेनी रसर्टसमोर बसून त्याच बातमीचा दाखला देतात! सरकारनेच पेपरला सांगायचं आणि मग पेपरात आलंय म्हणून लोकांना सांगायचं. सुरक्षा सल्लागार राइसबाई, परराष्ट्रमंत्री पॉवेल, संरक्षणमंत्री रम्सफेल्ड त्याच दिवशी दुसऱ्या वाहिन्यांवर. पुढे कळलं की नळ्या साध्या रॉकेटसाठी होत्या. रसर्टनेही त्या दिवशी हे पकडलं नाही.

जून २००८ मध्ये ऐन प्रचारात तो अचानक गेला. त्याच वर्षी १९ ऑक्टोबरला त्या कार्यक्रमात, रसर्टच्या जागी तात्पुरते बसलेल्या टॉम ब्रोकॉ यांच्यासमोर, पॉवेल आले. रिपब्लिकन असूनही त्यांनी ओबामांना पाठिंबा दिला. मथळा तोच झाला. माझ्या लक्षात राहिलं ते पुढचं. ओबामा मुसलमान आहेत अशी कुजबुज चालली होती. पॉवेल म्हणाले, ते ख्रिस्ती आहेत हे बरोबरच, पण खरं उत्तर असं की असते तर काय बिघडलं? मग त्यांनी एका फोटोची गोष्ट सांगितली: आर्लिंग्टनच्या दफनभूमीत थडग्याच्या दगडावर डोकं टेकलेली आई, आणि दगडावर क्रॉसच्या जागी चंद्रकोर. इराकमध्ये मेलेला वीस वर्षांचा सैनिक. पॉवेल आवाज न चढवता बोलत होते. आमच्या दिवाणखान्यात त्या दिवशी पाहुणे होते, पोह्यांच्या बश्या तशाच हातात राहिल्या. शेजारच्या घरचे पाकिस्तानी आजोबा संध्याकाळी मुद्दाम येऊन विचारून गेले, "ऐकलंत का?"

२०१५-१६ मध्ये ट्रम्प स्टुडिओत न येता फोनवरून बोलू लागले आणि वाहिन्यांनी ते चालवून घेतलं. फॉक्सच्या रविवारच्या कार्यक्रमात क्रिस वॉलेसने मात्र शेवटपर्यंत फोन घेतला नाही. ते बरंच केलं. फोनवर जुनं वाक्य पडद्यावर लावून काय उपयोग? पाहुण्याला ते दिसत नाही, आणि आपल्याला त्याचा चेहरा दिसत नाही.

तेव्हा पुढच्या प्रचारात हे कार्यक्रम बघणार असाल तर पहिली मुलाखत बघा, आणि टेबलाभोवती मंडळी बसली की टीव्ही बंद करा. दुपारी त्या मुलाखतीचा शब्दशः मजकूर वाहिनीच्या संकेतस्थळावर वाचा. एनबीसी आणि सीबीएस दोघेही तो फुकट देतात.