खांबाविना सज्जा : पालघर-तारापूर परिसरातील गृहरचनेचा एक प्रश्न

पालघर जिल्ह्याच्या पट्टीतील गृहरचनेचा विचार करताना खांबाचा विचार प्रथम करावा लागतो. वारली घर उभे राहते ते मेढींवर. कारवीचे कूड शेणामातीने लिंपलेले असतात, परंतु छपराचा भार त्यांच्यावर नसतो. कूड काढून टाकला तरी घर पडत नाही. मेढ काढली तर मात्र पडते. अशा रचनेत भिंतीतून बाहेर काढलेल्या आणि खालून आधार नसलेल्या सज्ज्याला जागाच नव्हती. घराबाहेर सावली हवी असेल तर पडवी काढावी आणि तिच्या कडेला आणखी मेढी रोवाव्या, हा सरळ मार्ग होता.

सज्ज्याचा संबंध दुमजली घराशी, म्हणजे पेठेशी व व्यापाराशी येतो. चिंचणी-तारापूर, डहाणू, केळवे-माहीम ही खाडीकाठची गावे फार जुन्या काळापासून दर्यावर्दी व्यापाराची. हैदराबादच्या निजामाशी सावकारीचे व्यवहार करणारे विकाजी व पेस्तनजी मेहेरजी हे बंधू मूळचे तारापूरचे, एवढे सांगितले तरी येथे कोणत्या प्रकारचा पैसा येऊन गेला याची कल्पना येते. रस्ता अरुंद आणि खाली दुकान, अशा ठिकाणी माडीपुढचा सज्जा खांबांवर उभारणे गैरसोयीचे होते. खांबाने वाट अडते व दुकानाचे तोंडही अडते. खांब टाळण्याची निकड सौंदर्यदृष्टीपेक्षा ह्या अडचणीतून निर्माण झाली असे मानावयास हरकत नाही.

युक्ती अर्थातच नवी नव्हती. इसवी सनापूर्वीच्या भाजे व कोंडाणे येथील चैत्यगृहांच्या दर्शनी भागांवर वेदिकायुक्त सज्जे कोरलेले आहेत. दगडात त्यांची काहीच आवश्यकता नव्हती. ते लाकडी बांधणीचे अनुकरण आहे हे अभ्यासकांना मान्य आहे, आणि म्हणूनच भिंतीपुढे आलेला सज्जा सह्याद्रीच्या परिसरात किमान दोन हजार वर्षे परिचित होता असे अनुमान निघते.

लाकडी सज्ज्याचे मर्म त्याच्या बाहेरच्या भागात नसून आतल्या भागात असते. माडीच्या तुळया भिंतीशी न थांबविता हात-दीड हात पुढे काढावयाच्या. त्यांचे आतले टोक खोलीच्या जमिनीखाली दूरवर गेलेले असते. बाहेर माणूस उभा राहिला की तुळईचे आतले टोक उचलले जाऊ पाहते, परंतु त्यावर जमीन, भिंत आणि घरातील वावर यांचे ओझे असते. म्हणजे सज्जा तोलला जातो तो घराच्याच वजनाने. तुळईखाली बसविलेला तिरपा हस्त पुढे आलेली लांबी कमी करतो व भार पुन्हा भिंतीत नेतो. ठाणे जिल्ह्याच्या जंगलातील सागवान ह्या कामास उत्तम होते. सुतार तुळई नेहमी उभट बाजूवर ठेवी. उंची दुप्पट झाली की बळ चौपट होते हे सूत्र त्याने लिहून ठेवले नाही, पण त्याचा हात ते जाणत होता.

हे सूत्र लिहून ठेवले गॅलिलिओने. १६३८ साली लायडन येथे प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ग्रंथात भिंतीत रोवलेली, मोकळ्या टोकाला वजन टांगलेली तुळई हाच प्रश्न मांडला आहे. तुळई मोडताना तिचा सर्व छेद ताणला जातो व ती खालच्या कडेवर फिरते, हे त्याचे गृहीत चुकीचे होते. त्यामुळे त्याच्या हिशेबाने तुळईचे बळ खऱ्याच्या तिप्पट येते. छेदाचा वरचा भाग ताणला जातो व खालचा दाबला जातो, ही गोष्ट कुलोंब (१७७३) आणि नाव्हिये (१८२६) यांच्यापर्यंत येताना स्पष्ट झाली. वर ताण, खाली दाब, हे लक्षात ठेवावे. पुढील सर्व इतिहास ह्या एका वाक्यावर अवलंबून आहे.

लाकूड ताण आणि दाब दोन्ही सोसते, काँक्रीट फक्त दाब सोसते. ताणाच्या जागी लोखंड घालावे लागते. झोझेफ मोनिएने १८६७ साली पेटंट घेतले तेव्हा लोखंडाची जागा कोणती, याचा हिशेब झालेला नव्हता. ते ताणाच्या बाजूस हवे हे मॅथियास कोनेन ह्या जर्मन अभियंत्याने १८८६ साली सिद्धान्तरूपाने मांडले. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या-चौथ्या दशकांत मुंबईत सिमेंट-काँक्रीटच्या इमारती झपाट्याने उठल्या, आणि मरीन ड्राइव्हवरील घरांच्या वळणदार, निराधार दिसणाऱ्या बाल्कन्या आधुनिकतेचे चिन्ह ठरल्या. मराठी बोलीने त्यांना ‘गॅलरी’ म्हटले. ‘सज्जा’ हा शब्द मागे पडला. शब्दाबरोबर सुताराचा हिशेबही मागे पडला की काय, अशी शंका घेण्यास जागा आहे.

बोईसर-तारापूरला हे वळण आले ते उशिरा, पण एकदम. तारापूरचे अणुविद्युत केंद्र १९६९ साली सुरू झाले. त्याची वसाहत आणि औद्योगिक क्षेत्र यांमुळे बोईसर हे स्थानकालगतचे गाव शहर होऊ लागले. आराखड्यानुसार बांधलेल्या वसाहती एका बाजूस आणि गावठाणात गवंड्याच्या अनुभवावर वाढत गेलेली घरे दुसऱ्या बाजूस, असे चित्र दिसू लागले. प्रश्न दुसऱ्या प्रकारच्या घरांचा आहे.

दोन भिंतींवर टेकलेल्या स्लॅबमध्ये मुख्य सळया खाली लागतात, कारण तेथे ताण खाली असतो. गवंड्याचा हात ह्याच कामाला सरावलेला. निराधार बाल्कनीत त्या वर हव्यात, आणि तुळईप्रमाणेच आत खोलवर गेलेल्या हव्यात. सळया वर बांधल्या तरी काँक्रीट ओतताना मजूर त्यांवरून चालतात व त्या खाली दबतात. हे नुकसान किरकोळ नसते. १०० मिलिमीटर जाडीच्या स्लॅबमध्ये वरून २५ मिलिमीटरवर असलेली सळई आणखी २५ मिलिमीटर खाली गेली, तर कार्यकारी जाडी ७५ वरून ५० वर येते आणि बळ सुमारे एक-तृतीयांशाने घटते. वरून पाहणाऱ्याला काही दिसत नाही. फळ्या काढतानाही आधार मोकळ्या टोकाकडून भिंतीकडे काढत यावयाचे असतात. उलट क्रमाने काढल्यास स्लॅब क्षणभर भलत्याच ठिकाणी टेकतो.

आयएस ४५६ ह्या भारतीय संहितेत दोन्हीकडे टेकलेल्या स्लॅबसाठी लांबी व कार्यकारी जाडी यांचे मूळ प्रमाण २० आहे, तर एकाच टोकास धरलेल्यासाठी ७. म्हणजे १.०५ मीटर पुढे येणाऱ्या बाल्कनीस मुळाशी सुमारे १५० मिलिमीटर कार्यकारी जाडी हवी. समुद्रकाठी सळईवर ४५ मिलिमीटर काँक्रीटचे आवरण २००० सालच्या आवृत्तीने सांगितले आहे, त्यामुळे एकूण जाडी २०० मिलिमीटरच्या घरात जाते. तारापूरच्या खाऱ्या हवेत हे आवरण चैनीचे नव्हे. क्षार सळईपर्यंत पोचले की ती गंजते, गंज मूळ लोखंडाच्या कितीतरी पट जागा व्यापतो आणि काँक्रीट फुटते. त्यात खाडीची न धुतलेली रेती वापरली असेल तर क्षाराला बाहेरून येण्याचीही गरज राहत नाही. शिवाय बाल्कनीची मुख्य सळई वरच्या अंगाला, पावसाचे पाणी साचते नेमक्या त्या बाजूस असते. खालचा गिलावा शाबूत दिसत असताना वरची सळई निकामी झालेली असू शकते.

याहून मोठा धोका घरमालक स्वतः ओढवून घेतो. जागा अपुरी पडली की बाल्कनी बंद करून खोली केली जाते. कडेवर बांधलेल्या, ३ मीटर उंचीच्या अर्ध्या विटेच्या भिंतीचे वजन दर मीटर लांबीस सुमारे ७०० किलो भरते. मीटरभर पुढे आलेल्या १५० मिलिमीटर जाडीच्या स्लॅबचे स्वतःचे वजन, फरशी आणि माणसांसाठी धरलेला भार मिळून साधारण तितकाच होतो; पण हा भार सर्वत्र पसरलेला असल्याने मुळाशी त्याचा परिणाम निम्म्या अंतराचा, भिंतीचा मात्र पूर्ण अंतराचा. एका भिंतीने मुळावरील ताण जवळजवळ तिप्पट होतो.

नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरी भागात लहान धक्क्यांची मालिका सुरू झाली, तेव्हा ह्या प्रश्नाला आणखी एक बाजू आली. भूकंपविषयक आयएस १८९३ ह्या संहितेच्या २००२ सालच्या आवृत्तीत बाल्कनीसारख्या आडव्या प्रक्षेपांची तपासणी उभ्या दिशेच्या भूकंप-गुणांकाच्या पाचपट धरून करावी असे सांगितले होते. कारण उघड आहे : एका टोकाचा आधार सुटला तर दुसरा आधार नसतो.

तडा दिसल्यावर पहिला उपाय सुचतो तो कडेखाली खांब देण्याचा. फिरून मेढीकडे येण्याची ही वृत्ती स्वाभाविक असली तरी तिच्यातही फसगत आहे. कडेला पक्का खांब बसला की त्यानंतर येणाऱ्या भाराने स्लॅब मधोमध खाली वाकू पाहतो व तेथील ताण खालच्या अंगास जातो. आणि खालच्या अंगास, बाल्कनी योग्य रीतीने बांधलेली असेल तर, मुख्य सळया नसतात. खांब देण्यापूर्वी वरची फरशी उकलून सळई कोठे आहे व किती उरली आहे हे पाहणे म्हणूनच आवश्यक ठरते. तोवर खालचा टेकू तात्पुरताच समजावा, आणि बाल्कनी मोकळी ठेवावी.