कोबाल्टची चांदी आणि माँट्रियलचा संघ

कॅनडात नव्यानं राहायला गेलेल्या माणसाला पहिल्याच हिवाळ्यात कोणीतरी विचारतं, ‘हॉकीत तुम्ही कोणाचे?’ हॉकी म्हणजे अर्थात बर्फावरची. बहुतेक जण राहत्या शहराच्या संघाचं नाव सांगून मोकळे होतात. माँट्रियलमध्ये मात्र दीर्घकाळ वेगळा हिशेब चालला. घरात फ्रेंच बोलत असाल तर ‘कॅनेडियन्स’चे. इंग्रजी बोलत असाल तर आधी ‘वाँडरर्स’चे आणि पुढे, 1924 ते 1938 या काळात, ‘मरून्स’चे. भाषा पाहून संघ निवडायची ही रीत त्या मातीतच उगवली असावी, असं कोणालाही वाटेल. पण तिचं मूळ शोधत गेलं की वाट माँट्रियलमध्ये थांबत नाही. ती ऑन्टारिओच्या उत्तरेला, कोबाल्ट नावाच्या चांदीच्या खाणींच्या गावात जाते.

गोष्ट 1909 सालची. रेनफ्रू हे ऑन्टारिओतलं लहान गाव. तिथले धनिक एम. जे. ओ’ब्रायन रेल्वेची कंत्राटं आणि कोबाल्टची चांदी यांवर गबर झालेले. त्यांचा मुलगा ॲम्ब्रोझ याला आपल्या गावासाठी स्टॅन्ली चषक हवा होता. नोव्हेंबरअखेर माँट्रियलच्या विंडसर हॉटेलात एका नव्या संघटनेची बैठक भरली. तिथे त्यानं रेनफ्रूसाठी जागा मागितली आणि त्याला नकार मिळाला. त्याच बैठकीत वाँडरर्सनाही बाहेर काढलं होतं. त्यांच्या मालकाला सामने लहान रिंकवर न्यायचे होते आणि त्यामुळे पाहुण्या संघांचा तिकीटविक्रीतला वाटा घटला असता. वाँडरर्सचा जिमी गार्डनर आणि ॲम्ब्रोझ, दोघे दुखावलेले, त्याच हॉटेलात बोलत बसले. आपणच दुसरी संघटना काढू, आणि तिच्यात फ्रेंच खेळाडूंचा एक संघ ठेवू, म्हणजे वाँडरर्सशी त्याची चुरस लागेल आणि रिंक भरेल, ही कल्पना गार्डनरची. 2 डिसेंबरला संघटना झाली, 4 डिसेंबरला संघ झाला. खेळाडू जमवायचं काम जॅक लाव्हिओलेतकडे गेलं. पैसा ओ’ब्रायनचा.

म्हणजे फ्रेंच माणसाच्या अस्मितेचं सर्वांत मोठं चिन्ह इंग्रजी बोलणाऱ्या दोघांनी, इंग्रजी संघाला गिऱ्हाईक मिळावं म्हणून योजलं. मला या कुळकथेतला हाच धागा सर्वांत मोलाचा वाटतो.

यावर आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. माँट्रियलमध्ये समाज पाहून संघ निवडणं 1909च्या आधीचंच. आयरिश वस्तीचा ‘शॅमरॉक्स’ 1899 मध्येच स्टॅन्ली चषक जिंकून बसला होता. ‘नॅशनल’ आणि ‘माँटान्यार’ हे फ्रेंच संघही होते. रेनफ्रूला नाकारणाऱ्या संघटनेनं तर ‘नॅशनल’ला सामील करून घेतलं होतं. मग ओ’ब्रायननं नवं काय केलं? माझं उत्तर असं: शॅमरॉक्स हा आपल्या लोकांनी आपल्यासाठी काढलेला संघ. कॅनेडियन्समध्ये आधी प्रेक्षक हेरला गेला आणि मग त्याच्या मापाचा संघ बेतला गेला. फ्रेंच खेळाडूंवर या संघाचा पहिला हक्क, असं कलमच घातलं गेलं. भावनेला कलमाचा आधार मिळाला, म्हणून ती टिकली.

पुरावा हवा तर पहिला हंगाम पाहा. 5 जानेवारी 1910 रोजी ज्युबिली रिंकवर कॅनेडियन्सनी कोबाल्टच्या संघाला जादा वेळेत 7-6 असं हरवलं. गंमत अशी की कोबाल्टचा संघही ओ’ब्रायनचाच, आणि हेलीबरीचा, रेनफ्रूचाही. पुढे न्यूझी लालोंद हा कॅनेडियन्सचा सर्वांत धारदार खेळाडू ऐन हंगामात रेनफ्रूकडे वळवला गेला. मालकाचा जीव कुठे होता ते यातून दिसतं. कॅनेडियन्स तळाला राहिले.

वर्षभरात जॉर्ज केनेडी या कुस्त्यांच्या आयोजकानं ‘कॅनेडियन’ नावावर आपल्या व्यायाम-क्लबचा दावा सांगितला आणि संघ त्याच्याकडे गेला. काही अभ्यासकांच्या मते कागदोपत्री त्याला मिळाला तो हेलीबरीचा परवाना. तसं असेल तर आजचा क्लब वंशानं हेलीबरीचा ठरेल. मला ही वकिली पटत नाही. नाव तेच, शहर तेच आणि प्रेक्षकही तेच राहिले. कुळ चाहत्यांवरून मोजावं.

आता टोपणनावाकडे. कॅनेडियन्सना सगळे ‘हॅब्स’ म्हणतात. हे ‘अबितां’चं इंग्रजी लघुरूप, अबितां म्हणजे फ्रेंच राजवटीपासून क्वेबेकमध्ये जमीन कसणारा शेतकरी. हे नाव कुठून आलं? रूढ कथा अशी की 1924 मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनच्या टेक्स रिकार्डनं एका वार्ताहराला सांगितलं, जर्सीवरच्या ‘सीएच’मधला एच म्हणजे ‘अबितां’. खरं तर तो एच हॉकीचा आहे. 1917 मध्ये क्लबचं नाव ‘क्लब द हॉकी कॅनेडियन’ झालं आणि बोधचिन्हात ए जाऊन एच आला. रिकार्ड नावांच्या बाबतीत हुशार गडी. 1926 मध्ये त्याच्याच नावावरून न्यूयॉर्कचा संघ ‘रेंजर्स’ झाला. टेक्सासच्या घोडदळी पोलिसांना टेक्सास रेंजर्स म्हणतात, त्यावरून ‘टेक्सचे रेंजर्स’. त्यामुळे त्याच्या तोंडी काहीही शोभतं.

पण ‘ल दव्वार’ या माँट्रियलच्या फ्रेंच दैनिकानं फेब्रुवारी 1914 मध्येच, टोरांटोवरच्या विजयाची बातमी देताना, संघाला ‘अबितां’ म्हटलं आहे. रिकार्डची कथा इथेच संपते. त्यानं नाव दिलं नाही; चालू नावाला चुकीचं कारण चिकटवलं.

मग 1914च्या आधी हा शब्द खेळाच्या पानावर कोणी आणला? माझा तर्क विल्यम हेन्री ड्रमंडकडे जातो. आयर्लंडमध्ये जन्मलेला हा माँट्रियलचा डॉक्टर. 1897 मध्ये त्याचा ‘द हॅबिटंट’ हा कवितासंग्रह आला आणि फ्रेंच शेतकऱ्याची मोडकी इंग्रजी बोली उत्तर अमेरिकेतल्या इंग्रजी घरांत पोहोचली. इंग्रजी वाचकासाठी ‘हॅबिटंट’ हा लाडका साचा झाला. संघाला ते नाव इंग्रजी प्रेक्षकांनी थोडं हिणवत, थोडं प्रेमानं दिलं असणार, आणि फ्रेंच दैनिकानं ते अभिमानानं उचललं असणार. फ्रेंचमध्ये शब्द घरचाच होता, तो कोणाकडून घ्यायची गरज नव्हती, असं विरोधक म्हणतील. मान्य. तरी ड्रमंडचा शेवट पाहा. भावांबरोबर त्याच्या चांदीच्या खाणी होत्या, आणि 1907 मध्ये तो वारला तो कोबाल्टमध्ये. ज्या गावच्या चांदीतून संघ निघाला, त्याच गावी त्या शब्दाचा सर्वांत मोठा प्रचारक गेला. याला मी निव्वळ योगायोग म्हणणार नाही. त्या काळी इंग्रजी माँट्रियलचा पैसा, कविता आणि हॉकी एकाच छोट्या वर्तुळात फिरत असावी.

पुढचं सर्वांना ठाऊक आहे. 1955 मध्ये कॅनेडियन्सच्या मोरीस रिशारवर बंदी आली आणि शहरात दंगल उसळली. 1979 मध्ये रॉश कारिएनं टोरांटोची जर्सी घालावी लागलेल्या फ्रेंच मुलाची गोष्ट लिहिली आणि ती घराघरांत गेली. 2008 पासून हॉकीचं समालोचन पंजाबीतही होऊ लागलं; भाषेवरून चाहता जोडायची गार्डनरची युक्ती शंभर वर्षांनी पुन्हा कामाला आली.

राहिला त्या तरुणाचा चषक. ॲम्ब्रोझ ओ’ब्रायननं नामवंत खेळाडूंवर पैसा ओतला, तरी रेनफ्रूचा संघ 1911 मध्ये बंद पडला. चषक त्या गावात कधीच आला नाही. कॅनेडियन्सनी तो 24 वेळा जिंकला आहे.