‘सेट’ : अर्थ किती, शब्द किती?

ऑक्सफर्ड इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्ती १९८९ मध्ये वीस खंडांत निघाली, तेव्हा तिच्यातली सर्वांत लांब नोंद ‘सेट’ या क्रियापदाची होती. सुमारे ४३० अर्थ, आणि ते उलगडायला सुमारे ६०,००० शब्द. पुढे याच कोशाची सुधारणा होताना ‘रन’ने त्याला मागे टाकले. पीटर गिलिव्हर या कोशकाराने नऊ महिने खपून ‘रन’चे ६४५ अर्थ वेगळे केले. हे आकडे नवल म्हणून सांगितले जातात आणि गोष्ट तिथेच थांबते. मला वाटते, विवेचन तिथून सुरू व्हायला हवे. एवढासा शब्द ४३० अर्थ वाहतो, की अर्थ थोडेच असून ते ४३० ठिकाणी वापरले जातात? आणि मुळात हा शब्द तरी एकच आहे का?

आधी क्रियापद घेऊ. जुन्या इंग्रजीत ‘सित्तान’ म्हणजे बसणे आणि ‘सेत्तान’ म्हणजे बसवणे. आजचे ‘सिट’ आणि ‘सेट’ त्यांचेच वंशज. म्हणजे ‘सेट’ हे प्रयोजक रूप आहे. स्वर बदलून प्रयोजक घडवण्याची ही रीत इंग्रजीत केव्हाच मेली. मागे काही जोड्या तेवढ्या उरल्या. ‘फॉल’ म्हणजे पडणे आणि ‘फेल’ म्हणजे झाड पाडणे, ही त्यांतलीच एक. मराठीत मात्र प्रयोजक आजही जिवंत आहे. लहान मूलसुद्धा कुणी न शिकवता ‘बसव’ म्हणते. ‘सेट’चा मूळ धातू संस्कृतातल्या ‘सद्’चा सख्खा भाऊ. संसद, परिषद, सभासद, उपनिषद हे सगळे त्या घरातले. आपले ‘बसणे’ मात्र ‘उप’ आणि ‘विश्’ यांपासून आलेले, त्यामुळे ‘बसवणे’ आणि ‘सेट’ यांचे रक्ताचे नाते नाही. म्हणूनच त्यांच्यातले साम्य मला अधिक मोलाचे वाटते. दोन भाषांनी वेगवेगळ्या धातूंपासून निघून, ‘बसवणे’ या एकाच कल्पनेतून, जवळजवळ तेच अर्थ घडवले आहेत.

सोनार अंगठीत खडा बसवतो. निखळलेले हाड बसवतात. खुडूक कोंबडी भुशाच्या टोपलीत अंड्यांवर बसवतात आणि एकवीस दिवस वाट पाहतात. इंग्रजीत या तिन्ही ठिकाणी ‘सेट’च आहे. यांतला खडा जरा जवळून पाहू. सोनार कोंदणाच्या आतल्या कडेला बारीक पायरी कोरतो, खडा तिच्यावर टेकवतो, बोटाने दाबून डुगडुगतो का ते बघतो, पुन्हा काढतो, पायरी किंचित खरवडतो. खडा चारी बाजूंनी टेकला की मगच वरची कड हळूहळू त्याच्यावर वळवतो. कड वळेपर्यंत खडा फक्त ‘ठेवलेला’ असतो, त्यानंतर तो ‘बसवलेला’ होतो. ‘पुट’ आणि ‘सेट’ यांच्यातला फरक नेमका हाच. वस्तूला तिची अशी एक जागा आहे, त्या जागेचा तिला आधार आहे, आणि हात काढून घेतला तरी ती तिथे राहते. या तीन गोष्टी जिथे एकत्र येतात तिथे ‘सेट’चा गाभा आहे. ४३० पैकी कितीतरी नोंदी या गाभ्याच्याच छटा ठरतात.

पण सगळ्या नव्हेत. गजर, सापळा, आग यांनाही इंग्रजी ‘सेट’च वापरते, आणि मराठी तिथे ‘बसवणे’ सोडून ‘लावणे’ घेते. घड्याळ लावतो, शीड लावतो, माणसाला कामाला लावतो. या प्रयोगांत वस्तू जागी टिकण्याला महत्त्व नाही. एखादी यंत्रणा सिद्ध करून द्यायची आणि पुढचे तिचे तिने करायचे, हा त्यांचा आशय. बसवलेली वस्तू हात काढल्यावर राहते, लावलेली वस्तू हात काढल्यावर चालू लागते. इंग्रजीने हे दोन्ही एका शब्दात कोंबले आहे. मराठीने त्यांना दोन क्रियापदे दिली, आणि इथे मराठीची विभागणी मला अधिक शास्त्रशुद्ध वाटते. उरलेले प्रयोग आणखी विखुरतात : ताटे मांडतो, तारीख ठरवतो, प्रश्नपत्रिका काढतो, धडा घालून देतो.

मग इंग्रजी वाचणारा गोंधळत का नाही? याचे उत्तर आपल्या परंपरेत फार आधी तयार आहे. अमरकोशाने नानार्थ शब्दांसाठी स्वतंत्र वर्ग केला. भर्तृहरीने वाक्यपदीयात अनेकार्थी शब्दाचा अर्थ कशाकशाने निश्चित होतो ते मांडले : सोबतचे शब्द, प्रकरण, देश, काळ वगैरे. जेवताना ‘सैंधव आण’ म्हटले तर मीठ, प्रवासाला निघताना म्हटले तर घोडा, हे शास्त्रकारांचे नेहमीचे उदाहरण. ‘सेट’च्या बाबतीत ही निवड बहुधा कर्मच करते. हाड म्हटले की एक अर्थ, तारीख म्हटली की दुसरा. कर्म काढून घ्या, म्हणजे शब्द जवळजवळ रिकामा होतो. त्यामुळे ४३० या आकड्यातला मोठा भाग ‘सेट’चा नाही, त्याच्या सोबत्यांचा आहे. कोशकाराला प्रयोग नोंदवावेच लागतात, त्यात त्याची चूक नाही. पण प्रयोग म्हणजे अर्थ नव्हे, हा भेद वाचकाने तरी सोडू नये.

शब्दाच्या रूपानेही या पसाऱ्याला हातभार लावला आहे. भूतकाळात ‘सेट’, धातुसाधितातही ‘सेट’. शिवाय ‘अप’, ‘ऑफ’, ‘आउट’, ‘इन’ असे शेपूट जोडले की दर वेळी नवे क्रियापद. आणखी एक वळण : जे मुळात ‘बसवणे’ होते, ते पुढे स्वतःच ‘बसणे’ही झाले. सूर्य ‘सेट’ होतो, जेली होते, सिमेंट होते. सूर्याचे बसणे जुनेच आहे. जुन्या इंग्रजीत सूर्यास्ताचा शब्दच आसनाकडे जाणे असा होता. (आपल्या ‘अस्त’चा वेदातला अर्थ घर, म्हणजे आपला सूर्य घरी जातो.) सिमेंटचे ‘सेट’ होणे तर मानकात मोजून बांधलेले आहे. साध्या पोर्टलँड सिमेंटने पहिल्या ३० मिनिटांत घट्ट व्हायला सुरुवात करता कामा नये, आणि ६०० मिनिटांच्या आत ते पूर्ण घट्ट झाले पाहिजे. गवंडीही आता ‘स्लॅब सेट झाला’ असेच म्हणतो. दह्यासाठी मात्र मराठीचा स्वतःचा शब्द आहे. दही लावतात आणि ते लागते.

आता नाम. इथे खरा उलगडा आहे. चहाचा सेट, दागिन्यांचा सेट, टेनिसचा सेट यांतला ‘सेट’ बसवण्यातून आलेलाच नाही. तो जुन्या फ्रेंचमधून आला. त्याच्या मुळाशी लॅटिन ‘सेक्ता’ आहे. अनुयायांचा गट, पंथ असा त्याचा अर्थ, आणि त्याचा धातू ‘मागोमाग जाणे’ अशा अर्थाचा. संस्कृतात त्याचा भाऊ ‘सच्’, ज्याच्यापासून ‘सचिव’ झाला. सचिव म्हणजे मुळात सोबत असणारा. म्हणजे एकाच रूपाखाली दोन शब्द नांदत आहेत : एकाचे नाते संसदेशी, दुसऱ्याचे सचिवाशी. उच्चार सारखे झाल्यावर त्यांनी एकमेकांवर छाया टाकली, हे खरे. तरी ते वेगळे करायची कसोटी मराठीने हातात दिली आहे. जिथे ‘संच’ चालतो तिथे बहुधा दुसरा शब्द असतो. रेडिओ संच, दूरचित्रवाणी संच. गणितात कँटरने ज्याला जर्मनमध्ये ‘मेंगे’ म्हटले तोही आपल्या नववीच्या पुस्तकात ‘संच’च. नाटकाच्या सेटला मात्र कोणी संच म्हणत नाही, त्याला नेपथ्य म्हणतात, कारण तो रंगमंचावर उभा केलेला, म्हणजे पहिल्या घरातला.

मराठीने हा शब्द घेताना नामे जशीच्या तशी उचलली आणि क्रियापदाला ‘करणे’, ‘होणे’ जोडले. ‘पोरगा पुण्यात सेट झाला’ यात ‘सेटल’ही मिसळला आहे. ‘त्याची आत सेटिंग आहे’ हा लागेबांध्यांचा अर्थ तर आपण इथेच घडवला. प्राध्यापकीसाठीची महाराष्ट्र-गोव्याची ‘सेट’ परीक्षा या हिशेबात धरू नये. ती आद्याक्षरे आहेत.

नाटकाच्या तालमीला बसलेला माणूस एक वाक्य नेहमी ऐकतो : ‘सेट लागलाय, पण दुसरा अंक अजून बसला नाहीये.’ इंग्रजीचा सगळा पसारा या वाक्यात मराठीने वाटून टाकला आहे. वस्तूला इंग्रजी नाम, ती उभी राहण्याला ‘लागणे’. आणि नटांच्या अंगात, श्वासात, हालचालीत संहिता मुरण्याला ‘बसणे’. तिथे इंग्रजी ‘सेट’ पोचतच नाही.