माफीनामा आणि क्षमा

मुलांना क्षमा शिकवावी, याविषयी आपल्या समाजात दुमत नाही. शाळेच्या फळ्यावर सुविचार लिहावयाचा झाला, तर सत्याच्या खालोखाल क्षमेचाच क्रमांक लागतो. परंतु श्रोतेहो, मी ज्या क्षेत्रात तीस वर्षे वावरलो तेथे हा शब्द निराळ्याच वेषात भेटतो. संप मिटतो, कारखान्याचे फाटक उघडते, आणि आत पाऊल टाकण्यापूर्वी कामगारापुढे एक छापील कागद येतो. त्याला माफीनामा म्हणतात. ‘माझ्या हातून गैरवर्तन घडले, पुन्हा घडणार नाही’. खाली सही, नाही तर अंगठा. कुर्ल्यापासून मुलुंडपर्यंतचा आग्रा रोड, म्हणजे आजचा लालबहादूर शास्त्री मार्ग, एके काळी कारखान्यांनी भरलेला होता. त्या रस्त्यावर असे कागद मी पुष्कळ वाचले आहेत. तेथे माफी मागावयाची ती खालच्याने आणि द्यावयाची ती वरच्याने, असा रिवाज. घरीही आपण पोराचा कान धरून त्याच्याकडून ‘चुकलो’ म्हणवून घेतो, तेव्हा त्याच्या हाती एक लहानसा माफीनामाच देत असतो.

याला एक अपवाद घाटकोपर-मुलुंडकरांच्या नित्य पाहण्यातला आहे. संवत्सरीच्या दिवशी जैन कुटुंबांत थोर माणसेही लहानांना ‘मिच्छामि दुक्कडम्’ म्हणतात, आणि पेढीवरचा शेठ दिवाणजीलाही म्हणतो. दुसऱ्या दिवशी पगारवाढीचे काय होते, तो प्रश्न मी येथे काढीत नाही.

क्षमेची म्हणून जी गोष्ट आपण मुलांना सांगतो ती बहुधा पैठणच्या एकनाथांची. गोदावरीवर स्नान करून येणाऱ्या नाथांवर एक मनुष्य पुन:पुन्हा थुंकतो, नाथ पुन:पुन्हा स्नानास जातात, आणि अखेरीस तोच शरण येतो. गोष्ट थोर आहे. परंतु ती ऐकून मूल जे उचलते ते सहन करणे. सहन करणे आणि क्षमा करणे यांत अंतर आहे. ज्याला दुसरे काही करताच येत नाही त्याच्या गप्प बसण्याला क्षमा म्हटले, की अन्याय करणाराचे फारच सोयीचे होते. म्हणून या गोष्टीच्या जोडीला दुसरी एक गोष्ट मुलांना सांगितली पाहिजे, असे मला वाटते. ती पुण्याची आहे आणि १८५६ सालची आहे.

जोतीराव फुले त्या वेळी एकोणतीस वर्षांचे होते. १८४८ साली त्यांनी मुलींची शाळा काढली, त्यापायी वडिलांचे घर सोडावे लागले, पुढे अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी शाळा निघाल्या. १८५५ साली त्यांनी आणि सावित्रीबाईंनी दिवसभर राबणाऱ्या माणसांसाठी आपल्या घरी रात्रीची शाळा सुरू केली. पुढच्याच वर्षी एका रात्री त्याच घरात दोन माणसे हत्यारे घेऊन शिरली. एकाचे नाव रोडे, तो रामोशी समाजातला. दुसरा धोंडीराम नामदेव कुंभार. चरित्रकार सांगतात, की जोतीराव जागे झाले आणि त्यांनी विचारले, तुम्ही कोण, मी तुमचे काय वाईट केले? उत्तर आले, की तुम्ही आमचे काहीच केले नाही. तुम्हाला मारण्यासाठी आम्हाला पैसे मिळणार आहेत. पुढचे संभाषण निरनिराळ्या लेखकांनी आपापल्या परीने रंगविले आहे, ते मी सोडून देतो. माझे मन या पहिल्या उत्तरापाशीच अडकते. मारेकऱ्याचे वैर नव्हते. त्याची मजुरी होती.

हे जोतीरावांना तत्क्षणी उमगले, कारण अशाच माणसांसाठी तर ते रात्रीचे दिवे लावून बसत. त्यांनी त्या दोघांना कोठडीत धाडले नाही आणि नुसते ‘जा’ म्हणून सोडूनही दिले नाही. रोडे पुढे त्यांचा अंगरक्षक झाला. धोंडीराम रात्रीच्या शाळेत अक्षरे गिरवू लागला, आणि ज्या हातात हत्यार होते तोच मनुष्य पुढे पंडित म्हणून आणि सत्यशोधक समाजाचा कार्यकर्ता म्हणून ओळखला गेला. क्षमा झाल्यानंतर दुसऱ्या दिवशी सकाळी काय करावयाचे, याचे उत्तर या गोष्टीत आहे. एकाला काम मिळाले, दुसऱ्याला पाटी.

आमच्या युनियनच्या कचेरीत रविवारी मुलांचा वाचनवर्ग भरतो. तेथे ही गोष्ट सांगितली की कोणी ना कोणी हमखास विचारते, “आणि ज्यांनी पाठवलं होतं त्यांना?” मुले चतुर असतात, मोठ्यांच्या सभेत हा प्रश्न मला अजून कोणी विचारलेला नाही. त्याचे उत्तर जोतीरावांच्या पुढील आयुष्यात शोधावे लागते. या घटनेनंतर सतरा वर्षांनी, १८७३ साली, त्यांनी ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केली आणि त्याच वर्षी सत्यशोधक समाज स्थापिला. १८८३ साली ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला. त्या लेखणीत मवाळपणा औषधालाही नाही. भाडोत्री माणसाला क्षमा केली, म्हणून माणसे भाड्याने घेणाऱ्या व्यवस्थेचा हिशेब त्यांनी मिटविला नाही. मुंबईच्या गिरणी कामगारांची पहिली संघटना १८८४ साली उभारणारे नारायण मेघाजी लोखंडे याच सत्यशोधक परंपरेतले, हे मी अभिमानाने सांगतो.

परंतु क्षमेची खरी कसोटी मुलांच्या बाबतीत लागते. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा मी बारा वर्षांचा होतो. भांडुपला आमच्या चाळीत परळच्या गिरण्यांत जाणारे पुष्कळ होते. संप लांबला, घरातली भांडी विकली जाऊ लागली, आणि एका बिऱ्हाडाचा कर्ता कामावर जाऊ लागला. त्याचे दु:ख आज मला समजते. तेव्हा चाळीला समजले नाही. त्याच्या मुलाला आम्ही खेळात घेईनासे झालो. गणपतीत पंगत बसली, तेव्हा तो दाराशी उभा होता. एका म्हातारीने, जिचे दोन्ही मुलगे संपावर होते, त्याला हाताला धरून आत आणले. “संप बापानं मोडलाय, पोरानं न्हाय. बस रे पानावर.” बापाशी मात्र ती पुढे कित्येक वर्षे बोलली नाही, आणि त्यात तिला काही विसंगत वाटले नाही.

त्या म्हातारीने जोतीराव वाचले नव्हते. परंतु जोतीरावांच्या घरी हेच घडले होते. काशीबाई नावाच्या एका ब्राह्मण विधवेला आपल्या नवजात मुलाच्या हत्येबद्दल काळ्या पाण्याची शिक्षा झाली. तेव्हा १८६३ साली फुले दांपत्याने आपल्या घरी अशा स्त्रियांसाठी बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले. येथे गुपचूप या, बाळंत व्हा, असे त्यांचे सांगणे होते. आपल्या मुलींच्या शाळेवर ज्यांच्या घरांतून चिखल आणि शिव्या येत, त्यांच्याच लेकीसुनांसाठी हे दार उघडे झाले. १८७४ साली तेथे आलेल्या एका ब्राह्मण विधवेचा मुलगा त्यांनी दत्तक घेतला. त्याचे नाव यशवंत ठेवले, त्याला वाढविले, आणि १८८७ च्या मृत्युपत्रात त्यालाच वारस केले. तो पुढे डॉक्टर झाला.

२८ नोव्हेंबर १८९० रोजी जोतीराव वारले. यशवंत तेव्हा जेमतेम सोळा वर्षांचा होता. अंत्ययात्रेत टिटवे कोणी धरावयाचे यावर भाऊबंद अडून बसले. दत्तकाचा हक्क त्यांना मान्य नव्हता. तेव्हा सावित्रीबाई पुढे झाल्या, टिटवे त्यांनी आपल्या हाती घेतले आणि चालू लागल्या.