आवाज सांभाळणारा व्हॉल्व्ह

परतवाड्यात व्हॉल्व्ह आणि कॉम्प्रेसर हे दोन शब्द एका दमात उच्चारले तर ऐकणारा तुम्हाला पंक्चरच्या दुकानाचा रस्ता दाखवेल. ट्यूबला व्हॉल्व्ह असतो आणि हवा भरायला कॉम्प्रेसर. पण ध्वनिमुद्रणाच्या धंद्यातही ‘व्हॉल्व्ह कॉम्प्रेसर’ नावाचं एक यंत्र आहे. त्याचे साठ-पासष्ट वर्षांपूर्वीचे नग मिळवायला जगभरातले स्टुडिओ लाखो रुपये मोजतात. घरी संगणकावर नात किंवा भीमगीत रेकॉर्ड करणारी आपल्याकडची पोरं त्याच यंत्राची सॉफ्टवेअरमधली नक्कल वापरतात. या यंत्राचं मूळ तत्त्व मात्र आपल्या आजोबांच्या रेडिओत होतं. तो इतिहास आज सांगायचा आहे, कारण त्याचा संबंध आपल्या घरांतल्या जुन्या कॅसेटींशी येतो.

आधी यंत्राचं काम समजून घेऊ. गाणारा माणूस कधी कुजबुजतो, कधी टिपेला जातो. आपला कान हा सगळा फरक पेलतो. तबकडी, फिल्म किंवा रेडिओचं प्रक्षेपण तो पेलू शकत नाही. आवाज फार हळू असला तर खरखरीत बुडतो, फार मोठा झाला तर फाटतो. म्हणून कोणीतरी मध्ये बसून मोठा आवाज थोडा खाली आणावा लागतो, म्हणजे मग सगळंच गाणं थोडं वर उचलता येतं. कॉम्प्रेसर एवढंच करतो.

आधी हे काम माणूस करायचा

1902 साली गौहर जान कोलकात्यात ग्रामोफोनसाठी गायल्या तेव्हा वीज नव्हती, माइकही नव्हता. एका मोठ्या कर्ण्यात तोंड घालून गायचं. कर्ण्याच्या टोकाची सुई मेणावर खाच कोरत जायची. वरच्या स्वराला गायकानं मागं सरकायचं आणि खालच्या स्वराला पुढं यायचं. 1925च्या सुमारास विजेवर चालणारं मुद्रण आलं आणि कर्ण्याच्या जागी माइक आला, तरी ही सरकासरकी संपली नाही.

मुंबईच्या सिनेसंगीतात ती कितीतरी वर्षं चालली. वांद्र्याचा मेहबूब स्टुडिओ 1954 साली उभा राहिला. तिथं कौशिक, ताडदेवच्या फेमसमध्ये मिनू कात्रक, परळच्या राजकमलमध्ये मंगेश देसाई अशी माणसं यंत्रापुढं बसायची. समोर वादकांचा मोठा ताफा, एका कोपऱ्यात गायक, आणि सगळं एकाच वेळी एकाच ट्रॅकवर. नंतर दुरुस्तीची सोय नाही. रफीसाहेबांचा स्वर वर चढणार हे रेकॉर्डिस्टला आधीच ठाऊक असायचं आणि त्याचं बोट त्याआधीच खाली यायचं. नौशाद, मेहबूब खान, रफी यांची नावं आपल्या घरांत अभिमानानं घेतली जातात. रेकॉर्डिस्टचं नाव कोणी घेत नाही. पण आपण जो आवाज ऐकतो तो त्याच्या बोटाखालून आलेला असतो.

माणसाच्या हाताला एक मर्यादा आहे. आवाज अचानक उसळला तर हात पोहोचेपर्यंत तो फाटलेला असतो. म्हणून असा हात हवा होता जो क्षणाच्या हजाराव्या भागात हलेल. तो सापडला रेडिओत.

रेडिओच्या पोटातली जाळी

1952 साली माहिती व नभोवाणी मंत्री बा. वि. केसकर यांच्या काळात आकाशवाणीवरून सिनेगीतं जवळपास हद्दपार झाली. श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले. त्याच वर्षी डिसेंबरात ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. अमीन सायानी मुंबईत बसून कार्यक्रम रेकॉर्ड करायचे, टेप विमानानं कोलंबोला जायची आणि तिथून शॉर्टवेव्हवर परत भारतात यायची. बुधवारी रात्री आठला मेळघाटच्या पायथ्याशी, आमच्या परतवाड्यातही ती ऐकू यायची.

शॉर्टवेव्हची लहर आकाशातल्या विद्युतभारित थरावर आपटून खाली येते. तो थर सतत हलत असतो. त्यामुळे स्टेशन कधी जवळ आल्यासारखं वाटतं, कधी दूर जातं. जुन्या लोकांना हे चांगलं आठवतं. पण हा चढउतार प्रत्यक्षात आपण ऐकला त्याच्या कितीतरी पट मोठा असायचा. रेडिओ तो आतल्या आत सांभाळून घ्यायचा. हॅरॉल्ड व्हीलर या अमेरिकन अभियंत्यानं 1925-26च्या सुमारास याची युक्ती काढली होती. येणाऱ्या लहरीचाच एक भाग वेगळा काढायचा, त्याचा स्थिर दाब बनवायचा आणि तो दाब पुढच्या व्हॉल्व्हला द्यायचा. लहर जोरात आली की दाब वाढतो आणि व्हॉल्व्ह स्वतःला आवरतो. लहर मंदावली की तो पुन्हा मोकळा होतो.

व्हॉल्व्ह हे नावही इथं अगदी बरोबर बसतं. 1904 साली इंग्लंडच्या फ्लेमिंग यांनी ही काचेची नळी बनवली तेव्हा तिला हे नाव मिळालं, कारण सायकलच्या व्हॉल्व्हमधून हवा जशी एकाच दिशेनं जाते तशी वीज तिच्यातून एकाच दिशेनं जायची. पुढं त्यात तारेची एक जाळी आली. जाळीला ऋण दाब दिला की प्रवाह अडतो. साध्या व्हॉल्व्हमधली जाळी सगळीकडे सारखी विणलेली असते, त्यामुळे दाब वाढवत गेलं की एका ठिकाणी ती एकदम बंद होते आणि आवाज तुटतो. 1930च्या सुमारास बॅलंटाइन आणि स्नो या दोघांनी जाळीची वीणच बदलली, काही भाग दाट आणि काही विरळ. आता दाब वाढला की आधी दाट भाग बंद होतो, विरळ भागातून प्रवाह चालूच राहतो. आवाज तुटत नाही, हळूहळू नमतो.

महागड्या सेटांत पुढच्या बाजूला हिरवा चमकणारा एक डोळा असायचा. स्टेशन नीट लागलं की त्याची पापणी मिटत यायची. लहानपणी आम्हाला ते जादूचं वाटायचं. तो डोळा या आवरणाऱ्या दाबावरच चालायचा. स्टुडिओतल्या कॉम्प्रेसरवरची जी सुई आवाज किती दाबला ते दाखवते, तिचा हा घरगुती भाऊबंद.

तबकडीची खाच

दूरचं स्टेशन सांभाळणारी ही युक्ती गाणाऱ्याच्या आवाजालाही लावता येईल, हे अभियंत्यांना लवकरच उमगलं. 1937 साली अमेरिकेच्या वेस्टर्न इलेक्ट्रिकनं प्रक्षेपणासाठी असं यंत्र बाजारात आणलं. ट्रान्समीटरला क्षमतेपेक्षा मोठा आवाज दिला की तो फाटतो, शिवाय शेजारच्या स्टेशनांना त्रास होतो. तो त्रास या यंत्रानं थांबवला.

मग पाळी तबकडीची. तबकडीवर आवाज म्हणजे नागमोडी खाच. आवाज मोठा झाला की खाच रुंद डुलते. फार डुलली तर शेजारच्या खाचेत घुसते आणि घरातली सुई उडी मारते. म्हणून मूळ तबकडी कोरणाऱ्या यंत्राच्या आधी व्हॉल्व्ह कॉम्प्रेसर बसवू लागले. ‘मास्टरिंग’ हा आजचा भारदस्त शब्द या कामातून आला. मास्टर म्हणजे ती पहिली कोरलेली तबकडी, जिच्यावरून बाकीच्या छापायच्या.

या यंत्रांत सगळ्यात गाजलं ते फेअरचाइल्ड 670. एस्टोनियातून अमेरिकेत आलेल्या राइन नार्मा यांनी 1950च्या दशकाच्या अखेरीस ते घडवलं. 20 व्हॉल्व्ह आणि वजन सुमारे 30 किलो. आवाज आवरणाऱ्या त्याच्या मुख्य व्हॉल्व्हमध्ये तोच कमीजास्त विणीचा गुण होता. उसळलेला आवाज ते सेकंदाच्या पाच हजाराव्या भागात पकडायचं आणि 0.3 सेकंदांपासून 25 सेकंदांपर्यंत हव्या त्या सवडीनं सोडायचं. खरी करामत सोडण्यात होती. पटकन सोडलं तर आवाज धापा टाकल्यासारखा वर-खाली होतो. सावकाश सोडलं तर कोणी हात लावला आहे हे कळतही नाही. लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओत ईएमआयच्या अभियंत्यांनी एक अमेरिकन कॉम्प्रेसर उघडून आपल्या गरजेप्रमाणे बदलला, नंतर फेअरचाइल्डही घेतला. बीटल्सची गाणी त्यातून गेली. आपल्याकडची एचएमव्ही त्याच ईएमआयच्या कुळातली.

कॅलिफोर्नियाच्या जिम लॉरेन्स यांनी 1960च्या दशकाच्या सुरुवातीला वेगळी वाट काढली. त्यांच्या एलए-2ए या यंत्रात आवाज एका चकाकणाऱ्या पट्टीला उजळवतो आणि त्या उजेडानं समोरचा प्रकाशसंवेदी तुकडा आवाज खाली आणतो. आवाज वाढवायचं काम व्हॉल्व्हचं, आवरायचं काम उजेडाचं. यावर जेमतेम दोनच मुख्य खुंट्या. गायकाच्या आवाजासाठी आजही याला पसंती आहे.

मिरजेत राहिलेले अब्दुल करीम खाँसाहेब आणि बार्शीचे शाहीर अमर शेख यांचे आवाज शेजारी ठेवून बघा. एक रेशमासारखा बारीक, दुसरा संयुक्त महाराष्ट्राच्या सभांतून मैदान भरणारा. दोन्ही घरातल्या एकाच सुईतून, एकाच लहानशा भोंग्यातून ऐकले जाणार. आवाज आवरण्याच्या कलेचा मूळ हेतू हा होता की बारीक आवाजाचं नुकसान होऊ नये. मोठ्यानं थोडं नमायचं, म्हणजे लहानाला जागा मिळते. दूरच्या, गरीब साधनं असलेल्या श्रोत्याची ही कदर होती.

मग शर्यत लागली

1982 साली सीडी आली. तिच्यावर खाच नाही, खरखर नाही. कुजबुज आणि गर्जना दोन्ही मावतील एवढी जागा होती. झालं उलटं. 1990च्या दशकात असे डिजिटल लिमिटर आले जे पुढं येणारा आवाज आधीच पाहून घेतात आणि तो हवा तेवढा चेपतात. प्रत्येकाला आपलं गाणं दुसऱ्यापेक्षा मोठं वाजायला हवं होतं. 2008 साली मेटॅलिका या बँडचा अल्बम इतका चेपलेला निघाला की चाहत्यांनीच तक्रार केली. बारीक आवाजासाठी काढलेलं हत्यार बारीक आवाजच संपवू लागलं.

आपल्याकडच्या नाती, कव्वाल्या, भजनं, लग्नातली डीजेची गाणी यांची आज हीच गत आहे. सुरुवातीचा आलाप आणि शेवटची तान सारख्याच जोरात. कव्वालीत तर हे फार खटकतं. टाळीचा ठोका मोठा, म्हणून प्रत्येक टाळीला यंत्र दाबतं आणि त्यासोबत मुख्य कव्वालाचा आवाजही बुडतो. आणि यातून पदरात काहीच पडत नाही. यूट्यूबसारखी माध्यमं ठरावीक पातळीपेक्षा मोठं गाणं स्वतःच खाली आणतात. चेपलेलं गाणं तिथं मोठं वाजत नाही, फक्त चेपलेलं वाजतं. जुने जाणते मास्टरिंगला बसले की कॉम्प्रेसरची सुई एक-दोन डेसिबल हलली तरी पुरे मानतात.

कपाटातल्या कॅसेटी

आता मुद्द्यावर येतो. अचलपूर-परतवाड्यातल्या कितीतरी घरांत 1980-90च्या दशकांतल्या कॅसेटी पडून आहेत. हजरत शाह दुल्हा रहमान यांच्या उर्सातली कव्वाली, मोहल्ल्यातला मिलाद, कोणाच्या दादाजानची तिलावत, लग्नात बायकांनी ढोलकीवर गायलेली दखनी-वऱ्हाडी गाणी. हा आपला लिहिला न गेलेला इतिहास आहे. हल्ली कॅसेटी मोबाइलमध्ये उतरवायची लाट आली आहे. तिचं स्वागत आहे. पण उतरवताना ‘साफ करणं’ आणि ‘आवाज वाढवणं’ या नावाखाली जे चालतं ते पाहून जीव कळवळतो.

ज्या छोट्या टेपरेकॉर्डरवर या कॅसेटी भरल्या त्यांत आवाज आपोआप आवरणारी स्वस्त सोय बसवलेली होती. रेडिओतल्या त्याच तत्त्वाची ही ट्रान्झिस्टरवरची धाकटी आवृत्ती. म्हणून कव्वाल थांबला की जनरेटरची घरघर, चहाच्या कपांचा आवाज, मागच्यांची कुजबुज वर येते आणि तो गाऊ लागला की मागं जाते. म्हणजे हा आवाज एकदा दाबला गेलाच आहे. त्याच्यावर आणखी लिमिटर चालवला की गाणाऱ्याचा श्वास आणि गर्दीची घरघर एका पातळीवर येतात. दोघांतलं अंतर मग कोणत्याही यंत्रानं परत आणता येत नाही.

त्या अंतराची किंमत कळायची असेल तर गाडगेबाबांचं कीर्तन ऐका. 8 नोव्हेंबर 1956 रोजी वांद्र्याला पोलिसांपुढं झालेलं त्यांचं शेवटचं कीर्तन ध्वनिमुद्रित आहे. त्यानंतर सहा आठवड्यांनी, 20 डिसेंबरला, अमरावती-परतवाडा रस्त्यावर वलगावला पेढी नदीजवळ त्यांनी देह ठेवला. त्या मुद्रणात बाबा प्रश्न विचारतात आणि समोरचा जमाव एका दमात उत्तर देतो. म्हाताऱ्याच्या थकलेल्या आवाजातला प्रश्न आणि शेकडो गळ्यांचं उत्तर यांत जो फरक आहे त्यातच कीर्तन आहे. दोन्ही सारख्या जोरात आले तर शब्द कळतील, पण एका माणसानं एवढा जमाव कसा हलवला ते कळणार नाही.

म्हणून माझी विनंती साधी आहे. कॅसेट उतरवताना पहिली प्रत जशी आहे तशी ठेवा, एमपी3 न करता वेव्ह फाइलमध्ये, खरखरीसकट. त्या फाइलला नाव देताना गाणाऱ्याचं नाव, गाव, वर्ष आणि प्रसंग लिहा. जे ठाऊक असेल ते घरातली म्हातारी माणसं आहेत तोवर विचारून घ्या. मग दुसऱ्या प्रतीवर काय हवं ते करा, फेअरचाइल्डची नक्कल लावा नाहीतर एलए-2एची. हत्यार वाईट नाही. फक्त खुंटी फिरवताना कोणाचा आवाज वर आणायला ते निघालं होतं, ते ध्यानात असू द्या.